बेस बदलायचा की स्ट्रिंग? नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रातलं प्रकरण

नाशिकमध्ये मी गिटार आणि बेसची (बेस गिटारची) दुरुस्ती, सेटअप अशी कामं करतो. बेसवादक येतात ते बहुतेक वेळा दोन प्रश्न घेऊन: कोणती स्ट्रिंग लावू आणि हा बेस विकून टाकू का? या प्रकरणात दोन्ही प्रश्न एकदमच आले. दोन्हींची उत्तरं कशी शोधली, हे इतर वादकांच्या कामी यावं म्हणून वादकाला विचारून सविस्तर लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

वादक चाळिशीतला. दिवसा अंबडच्या एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. गणपतीत मंडळांचे कार्यक्रम, नवरात्रात गरबा, कोजागिरी, तुलसीविवाहानंतर लग्नांच्या तारखा, मध्येच कधी कालिदास कलामंदिरातला जुन्या गाण्यांचा प्रयोग. शिवाय रविवारी सकाळी शरणपूर भागातल्या चर्चच्या उपासनेत तो नेमानं वाजवतो. म्हणजे एकाच आठवड्यात उघड्या मैदानातला गरबा आणि शांत सभागृहातली गीतं, दोन्हीसाठी तोच बेस.

बेस चार स्ट्रिंगचा, ३४ इंच स्केलचा (म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३४ इंच), सेकंडहॅंड घेतलेला. लाकूड चांगलं, तारेचा आवाज पकडणारा पिकअप ठीक. स्ट्रिंग कधी बदलल्या होत्या ते आठवत नव्हतं. "लॉकडाऊन उठल्यावर बहुतेक," एवढंच तो म्हणाला.

अडचण

गणपती तीन आठवड्यांवर आले होते. ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी तालमीत सरळ सांगितलं, "तुझा बेस ऐकूच येत नाही रे. आणि वर गेलास की गायिकेचा सूर हलतो. हा विकून टाक, पाच स्ट्रिंगचा ॲक्टिव्ह (बॅटरीच्या सर्किटचा) घे. निम्मे पैसे मी आगाऊ देतो."

साउंडवाला वेगळंच सांगत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आवाज येतो, पण नुसता "भुम्म" येतो, सूर कळत नाही. आवाज वाढवला तर स्टेज घुमतं, कमी केला तर बेस गायब.

अण्णांनी देऊ केलेले पैसे म्हणजे पुढच्या तारखांच्या मानधनातून कापली जाणारी उचल होती. म्हणून विकण्याआधी एकदा दाखवून घ्यावं, या विचारानं तो बेस घेऊन आला.

तपासणी

घाई असली तरी मी पहिल्या भेटीत नवा सेट लावायला घेत नाही. आधी जुन्या स्ट्रिंग बघतो, कारण अर्धं निदान त्यांच्यावरच लिहिलेलं असतं.

ई स्ट्रिंग, म्हणजे सगळ्यांत जाड आणि खालच्या सुराची तार, सैल करून उलटी वळवली. जिथे ती फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (दांड्यावरच्या) आडव्या धातूपट्टीवर, टेकते तिथे खालच्या बाजूनं चपटे खड्डे पडले होते, तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटपाशी सर्वांत खोल. तारेवर गुंडाळलेल्या वेढ्यांच्या फटीत काळपट चिकट मळ, आणि त्या मळात गुलाबी रंग. सुईनं उकरल्यावर गुलाल निघाला. गणपतीतला गुलाल वर्षभर वेढ्यांत टिकला, याचं कारण थोड्या वेळानं कळलं. पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून तो दर महिन्याला स्ट्रिंगवर शिलाई मशीनचं तेल लावत होता. तेलानं गंज खरंच कमी धरला होता, पण घाम, धूळ, गुलाल सगळं आत पकडून ठेवलं होतं.

मग सूर. रिकामी ई स्ट्रिंग ट्यूनरवर बरोबर लावली आणि बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवली. तिथे तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा, पण आला जवळपास २० सेंट चढा. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. २० सेंटचा फरक गायिकेच्या कानाला टोचणारच. त्याहून बोलका पुरावा ब्रिजवर, म्हणजे तारा बॉडीवर जिथे अडकवतात त्या भागावर होता. ई स्ट्रिंगचा सॅडल (तार जिच्यावर टेकते ती पुढेमागे सरकणारी घोडी) पार मागे, स्प्रिंग पूर्ण दाबली जाईपर्यंत ढकललेला. दाबलेला सूर चढा येतो म्हणून कोणीतरी सॅडल मागे मागे नेत गेलं होतं, आणि जागा संपली तरी सूर उतरला नव्हता.

"तरी म्हटलं, बेसच वाकडा आहे," वादक म्हणाला.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. पूर्ण सेट न लावता माझ्याकडची एकच नवी ई स्ट्रिंग लावून बघितली, बाकी काहीही न हलवता. बाराव्या फ्रेटचा सूर आता उतरलेला आला. म्हणजे सॅडल गरजेपेक्षा मागे होता. तो पुढे, ज्या जागी ई स्ट्रिंगचा सॅडल साधारणपणे असतो तिथे आणला आणि सूर दोन-तीन सेंटच्या आत बसला. बेस वाकडा नव्हता. जुन्या स्ट्रिंगचं वजन तिच्या लांबीभर एकसारखं राहिलं नव्हतं: कुठे मळ भरलेला, कुठे वेढे झिजून चपटे. अशी तार कोणत्याही सॅडलवर पूर्ण सुरात येत नाही.

"ऐकू येत नाही" या तक्रारीचं मूळही तिथेच सापडलं. बेसच्या रिकाम्या ई स्ट्रिंगचा मूळ सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. मंडळाच्या स्टेजवरचे बरेच मॉनिटर स्पीकर इतक्या खालचा आवाज धड काढतच नाहीत. कान त्या सुराची ओळख ८२, १२३ अशा वरच्या स्वरकांवरून, म्हणजे मूळ सुरासोबत निघणाऱ्या दुप्पट-तिप्पट कंपनांच्या सुरांवरून पटवतो. मळलेल्या तारेत हे वरचे स्वरक सगळ्यांत आधी मरतात. उरतं ते भुम्म, साउंडवाल्यानं सांगितलं होतं तसंच. अण्णा आणि साउंडवाला दोघंही खरं बोलत होते, फक्त दोष बेसवर लावत होते.

पाच स्ट्रिंगचा बेस घेतला असता तर? त्याची पाचवी, खालची बी स्ट्रिंग ३१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्या मॉनिटरवर आणखीच अवघड. अण्णांना मी फोनवर हेच समजावलं. बेस विकायचा विचार त्या दिवशी बाजूला पडला.

कोणते पर्याय होते

जुन्याच स्ट्रिंग धुऊन वापरणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. उकळत्या पाण्यात टाकल्या की मळ सुटतो आणि आवाज काही दिवस उजळतो, पण गाभ्यात ओल राहते आणि गंज लवकर धरतो. स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवणं त्यापेक्षा बरं. प्लंबिंगच्या पाइपला दोन्हीकडून बूच लावलं की चारही स्ट्रिंग त्यात मावतात. मात्र स्पिरिट पेट घेणारं असतं, म्हणून हे काम गॅस, देवाजवळची समई यांपासून लांब, हवेशीर जागी करावं. तेही इथे उपयोगाचं नव्हतं. मळ निघाला असता, खड्डे तसेच राहिले असते.

म्हणजे नवा सेट. पण कोणता?

निकेल प्लेटेड स्टीलची राउंडवाउंड ही सर्वसाधारण निवड: गोल तारेचे वेढे, उजळ पण कर्कश नाही, फ्रेटला फारसा त्रास नाही. स्टेनलेस स्टीलची राउंडवाउंड आणखी झणझणीत, घामाला जास्त टिकणारी, पण बोटाला खरखरीत आणि फ्रेट लवकर झिजवणारी. लेप दिलेल्या स्ट्रिंगमध्ये मळ उशिरा शिरतो, किंमत चढी. आणि फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीचे वेढे. हात सरकला तरी चर्रर आवाज नाही, सूर गोल, वरची चमक कमी, टिकाऊपणा दांडगा. किंमत राउंडवाउंडच्या साधारण दुप्पट.

वादकाची मागणी स्पष्ट होती: "सर, स्टेनलेसच द्या. अण्णांना ऐकू यायला पाहिजे."

मी त्याला गेल्या हंगामातली गाण्यांची यादी मागितली. यादीतली बहुतेक गाणी १९५० ते ७० च्या दशकांतली हिंदी-मराठी, वर चर्चची गीतं. झणझणीत आवाज लागणारी नवी गाणी थोडी. त्या जुन्या गाण्यांमागचा आवाज काय असतो, हे थोडं इतिहासात जाऊन बघण्यासारखं आहे. १९५१ मध्ये फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीनं प्रिसिजन बेस आणला तेव्हा त्यावर फ्लॅटवाउंड असायच्या. १९६० च्या दशकाच्या मध्यावर स्ट्रिंग बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीनं 'द हू' या ब्रिटिश रॉक बॅंडचा बेसवादक जॉन एन्टविसल याच्यासोबत काम करून राउंडवाउंडचा सेट काढला आणि मग तो पियानोसारखा खणखणीत आवाज रॉकमध्ये पसरला. त्याआधीचा बेस कानात आहे तो गोल आणि आखूड. यादी बघून मी फ्लॅटवाउंड सुचवल्या.

त्यावर तो म्हणाला, "मोटाउनचा जेमरसन तर तारा बदलायचाच नाही म्हणतात. मग माझ्या जुन्या तारा काय वाईट होत्या?"

प्रश्न चोख होता. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन तुटल्याशिवाय स्ट्रिंग बदलत नसत असं सांगतात, पण त्यांच्या बेसवर फ्लॅटवाउंड असायच्या. गुळगुळीत तारेत मळाला शिरायला फटीच कमी. जुनी झाली तरी तिचा आवाज चारही तारांवर सारखा मंदावत जातो आणि सूर बराच काळ टिकतो. मेलेली राउंडवाउंड वेगळी: एक स्ट्रिंग भुम्म, दुसरी टणक, बाराव्या फ्रेटवर तिसरीच तऱ्हा. दोन्हींना "जुना गोल आवाज" म्हणून एका पारड्यात टाकतात, तिथेच घोटाळा होतो.

पहिली कृती: स्टेनलेस

फ्लॅटवाउंड त्या आठवड्यात इथल्या दुकानांत मिळाल्या नाहीत. मुंबईहून मागवाव्या लागणार होत्या. गणपती तोंडावर आणि अण्णांचा आग्रह, या दोन कारणांनी वादकानं स्टेनलेसचा ४५-१०५ सेट घेतला (हे आकडे म्हणजे सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). निर्णय त्याचा होता आणि त्याच्या जागी तो समजण्यासारखाही होता.

जुन्या स्ट्रिंग व्हर्नियरनं मोजल्या, तर त्या ४०-१०० निघाल्या. नवा सेट जाड, म्हणजे ताण जास्त. ४५-१०५ चा सेट सुरात लावला की नेकवर एकूण सुमारे ८० किलोचा ओढा पडतो. पूर्वीच्या सेटपेक्षा काही किलो अधिक. दुसऱ्या दिवशी नेक पुढे वाकलेली दिसली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली: ०.६ मिलिमीटर. ०.३ च्या आसपास हवी. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक जुळवणारी आतली सळई, पाव फेरा घट्ट केला, रात्रभर तसाच ठेवला, सकाळी परत मोजून आणखी थोडा. एकदम पूर्ण फेरा देणारे लोक असतात. लाकडाला बसायला वेळ द्यावा लागतो आणि रॉड तुटला तर नेकच जाते. त्यानंतर ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), शेवटी सॅडल. हा क्रम उलटा केला तर सगळं दोनदा करावं लागतं.

गणपतीत अण्णा खूश होते. बेस ऐकू येत होता, गायिकेची तक्रार थांबली. पण दोन गोष्टी पुढे आल्या. साउंडवाला प्रत्येक कार्यक्रमात बेसच्या वरच्या पट्ट्या खाली ओढत होता, म्हणजे जी चमक विकत आणली तीच मिक्सरवर कापली जात होती. आणि चर्चमध्ये, जिथे गीताच्या दोन ओळींमध्ये शांतता असते, तिथे त्याचा डावा हात सरकला की चर्रर आवाज थेट स्पीकरमधून यायचा. उपासना घेणाऱ्या पाळकांनी हसून विचारलं, पण विचारलंच. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले ते वेगळे.

दुसरा निर्णय: आधी ऐका, मग घ्या

नवरात्राआधी तो परत आला. या वेळी फ्लॅटवाउंड हव्यात असं त्यानंच म्हटलं, पण मनात धाकधूक होती: गरब्यात ऑक्टापॅड आणि ढोलापुढे बेस दबला तर?

इतके पैसे अंदाजावर घालण्यात अर्थ नव्हता. ओळखीच्या एका वादकाच्या बेसवर फ्लॅटवाउंड होत्या. तो बेस एका तालमीपुरता मागून आणला, ऑर्केस्ट्राच्याच ॲम्पवर, अण्णांच्या समोर. जुन्या गाण्यांचा निकाल पहिल्याच अंतऱ्यात लागला; ढोलकीच्या आणि बेसच्या आवाजाची गाठ घट्ट बसली. गरब्याच्या चालीवर मात्र बोटांनी वाजवलेला बेस खरंच मागे पडला. मग पिक (तार छेडायची छोटी पातळ पट्टी) हातात घेतला, उजवा हात ब्रिजकडे नेला, बेसवरचं टोनचं बटण पूर्ण उघडलं, आणि बेस परत पुढे आला. हा काही नवा शोध नाही. अमेरिकी बेसवादक कॅरोल के यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये फ्लॅटवाउंड आणि पिक हीच जोडी वापरून असंख्य रेकॉर्डिंग केली.

अण्णांनी तिथेच होकार दिला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा तास तो होता, आणि त्याला खर्च आला तो फक्त चहाचा.

फ्लॅटवाउंड बसवताना

गेज (तारांची जाडी) मुद्दाम तेच, ४५-१०५, म्हणजे नटच्या, खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचा कोरायला नकोत. मागवताना तीन गोष्टी तपासल्या: स्केल लॉंग आहे ना, स्ट्रिंग ब्रिजमधून जाते की बॉडीच्या मागून, आणि टोकाचा रेशमी दोरा नटच्या पलीकडे राहील ना. रेशीम नटवर आलं तर रिकाम्या तारेचा आवाज मरतो. लांबी चुकली की हा महागडा सेट वाया जातो. मागून घालायचा बेस असेल तर जास्त लांब सेट लागतो. याचा बेस ब्रिजमधून स्ट्रिंग घालायचा होता, म्हणून नेहमीचा लॉंग स्केल चालला.

कापण्याआधी खुंटीच्या पुढे चार-पाच इंच तार ठेवली, म्हणजे दोन-तीन वेढे बसतात. आधी काटकोनात वाकवून मगच कापली. गाभा गोल असलेली तार न वाकवता कापली तर वेढे आतून सैल होतात आणि स्ट्रिंग कायमची मुकी होते. वेढे खुंटीवर वरून खाली उतरत गेले, म्हणजे नटवर दाब नीट पडतो. सुरात आल्यावर प्रत्येक तार सॅडलच्या पुढे आणि नटच्या पुढे अंगठ्यानं हळूच दाबली. जाड तार तिथे कमान करून उभी राहते. ती कमान मोडली नाही तर सॅडल कितीही हलवा, सूर नेमका बसत नाही. हे दोन मिनिटांचं काम बरेच जण सोडून देतात.

याच गेजच्या अनेक फ्लॅटवाउंड राउंडवाउंडपेक्षा कडक असतात. याही होत्या. ट्रस रॉड परत किंचित घट्ट करावा लागला.

काय झालं

नवरात्र पिकवर निघालं. चर्चमधला चर्रर आवाज पूर्ण थांबला. बोटं बरी झाली. साउंडवाल्यानं वरच्या पट्ट्यांना हात लावणं बंद केलं आणि उलट २०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवायला लागला, कारण बेसचा सूर आता तिथे नीट कळत होता.

डिसेंबरमध्ये मात्र फोन आला: पहिल्या तीन-चार फ्रेटवर तार झणझणते. नाशिकची थंडी कोरडी. पावसाळ्यात ओलाव्यावर जुळवलेली नेक थंडीत सरळ होते आणि तार फ्रेटला लागते. मोजली, तर फट जेमतेम ०.१ मिलिमीटर. ट्रस रॉड थोडा सैल केला, झणझण गेली. स्ट्रिंगचा काही दोष नव्हता. आता वर्षातून दोनदा, आषाढात आणि दिवाळीनंतर, नेक तपासायची असं ठरलं आहे.

तेल बंद झालं. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं प्रत्येक तार चिमटीत धरून वरून आणि खालून पुसायची, खालची बाजू विसरायची नाही, कारण घाम तिथेच साचतो. मिरवणुकीत किंवा गुलाल उधळला जाईल तिथे वाजवलं तर त्याच रात्री पुसायची. बेस भिजलेल्या बॅगेत रात्रभर ठेवायचा नाही. स्ट्रिंग लावल्याची तारीख बॅगेच्या खिशातल्या चिठ्ठीवर.

एक तक्रार राहिली आहे. लग्नाच्या संगीत संध्येत नवी गाणी मागितली की की-बोर्ड वाजवणारा तरुण म्हणतो, बेस जुना वाटतो. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पिकनं काही अंतर भरून निघतं, सगळं नाही. स्टेनलेसचा सेट पुसून, गुंडाळून ठेवलेला आहे, पण दर कार्यक्रमाला स्ट्रिंग बदलणं शक्य नाही. काढून परत लावलेली जाड तार खुंटीपाशीच्या वळणावर कमकुवत होते. अशा तारखा वाढल्या तर दुसरा एखादा साधा बेस राउंडवाउंडसाठी ठेवणं, हाच मला व्यवहार्य मार्ग दिसतो.

वेगळं काय करता आलं असतं

उसन्या बेसवरची ती तालीम गणपतीआधीच घेता आली असती. एका संध्याकाळीचं काम होतं आणि स्टेनलेसचा खर्च वाचला असता. निदान गणपतीपुरता निकेलचा साधा सेट लावून फ्लॅटवाउंडची वाट बघता आली असती. चर्चमधली अडचण त्यानंही कमी झाली असती.

जाड सेटकडे जाणंही टाळता आलं असतं. मूळ ४०-१०० वर त्याचा हात बसलेला होता. गेज आणि प्रकार एकदम बदलल्यामुळे बोटाचे फोड खरखरीतपणामुळे आले की ताणामुळे, हे आजही खात्रीनं सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली असती तर ते कळलं असतं.

आणि एक सुटी ई व एक सुटी जी स्ट्रिंग बॅगेत हवीच. या प्रकरणात एका सुट्या ई स्ट्रिंगनं नव्या बेसचा खर्च वाचवला. ती वादकाच्या स्वतःच्या बॅगेत असती, तर तारीख आठवत नसतानाही बेस वाकडा आहे की तार मेली आहे, हे त्याला घरीच पंधरा मिनिटांत कळलं असतं. आता त्याच्या बॅगेत दोन्ही आहेत, सीलबंद पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसकट.